गेल्या उन्हाळ्याचं पाणी

दाऊद तांबोळीचा तक्ता लोकल बोर्डाच्या सभेत वाचला गेला, तेव्हा तो स्वतः दाराजवळच्या बाकावर बसला होता. साल त्रेचाळीस, श्रावणातले दिवस. लढाईमुळे कागदाची टंचाई होती, म्हणून तक्ता जुन्या छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर आखलेला होता. पण रेघा अशा सरळ आणि आकडे असे मोत्यासारखे की अध्यक्ष काकासाहेबांनी कागद हातात घेऊन दोनदा न्याहाळला.

विषय नारूचा होता. पारनेर आणि नगर तालुक्यांच्या कोरड्या भागात गावोगाव पायऱ्यांच्या विहिरी होत्या. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की बायामाणसं पायऱ्या उतरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि घागरी भरायची. त्याच गावांमधून दर वर्षी ऐन पेरणीच्या तोंडाला माणसांच्या पायांना फोड यायचा, फुटायचा, आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस दोन-दोन महिने अंथरुणाला खिळायचा. शेतं पडून राहायची. फोडातलं नारूचं बी पाण्यात पडतं आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातं; पायऱ्या बुजवून, कठडा बांधून, वर रहाट बसवला तर पाण्यात कुणाचे पाय जाणार नाहीत आणि नारूही जाईल, असं सरकारी पत्रकात छापून आलं होतं. बोर्डाने त्रेचाळीसच्या होळीपर्यंत नऊ गावांच्या विहिरी तशा करून घेतल्या. दहाव्या गावाचं, मोहदऱ्याचं, काम सुरू होतं.

आणि आता दाऊदचा तक्ता सांगत होता की नऊ गावांत बेचाळीस साली नारूचे दोनशे सहा रोगी होते, आणि विहिरी बांधून झाल्यावर, त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात, दोनशे एकोणीस.

"म्हणजे कमी तर नाहीच, तेरा वाढले," काकासाहेब म्हणाले. "एवढे दगड, एवढी माणसं, आणि हे फळ?"

विचारायचं तर कोणाला? आरोग्य खात्याचे डॉक्टर लष्करात गेले होते आणि त्यांची जागा वर्षभर रिकामी होती. विहिरींचं काम थांबवायचं आणि माणसं शाळांच्या दुरुस्तीला लावायची, असा ठराव झाला. उठताना काकासाहेब दाऊदपाशी थांबले.

"तांबोळी, आमच्याकडे आतापर्यंत अंदाजाने बोलणारेच होते. मोजून सांगणारा माणूस पहिल्यांदा मिळाला."

दाऊद त्या दिवशी खूश होऊन घरी गेला. कापडबाजाराच्या कोपऱ्यावर विड्याची पानं विकणाऱ्या बापाचा तो मुलगा. मॅट्रिक होऊन बोर्डात कारकून लागला होता. बायकोला, शमशादला, त्याने अध्यक्षांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

दिवाळीनंतर बोर्डाने त्याला नऊ गावांच्या फेरीवर पाठवलं. थांबलेल्या कामाचे उरलेले साखळदंड, कप्प्या, पहारी यांची यादी करून सामान नगरला आणायचं होतं. बरोबर मच्छिंद्र होता. गावोगाव फिरून देवीची लस टोचणाऱ्या माणसाला तेव्हा लोक देवी डॉक्टर म्हणत. मच्छिंद्र त्या भागाचा देवी डॉक्टर. प्रत्येक घराची चूल त्याला ठाऊक होती.

करंजखडीत ते राहीबाई नावाच्या म्हातारीच्या ओसरीवर टेकले. जमिनीवर पसरलेल्या तिच्या दोन्ही पायांवर नारूच्या जुन्या खुणा होत्या, आणि एक ताजी. पलीकडे दोन तरण्या बायका बाजरी पाखडत होत्या. एक तिची लेक छबूबाई, दिवाळीसाठी कोपरगावाकडून आलेली. दुसरी सून.

"साटंलोटं केलं आमी," राहीबाईने सांगितलं. "औंदा माघात येकाच मांडवात लेक दिली आन् त्येंची लेक आनली."

छबूबाईच्या पोटरीला पट्टी होती. मच्छिंद्रने सवयीने ती सोडून पाहिली.

"हा तर नारू. कधी झाला?"

"वैशाखात," छबूबाई म्हणाली. "तुटला, आजून जखम भरंना. सासरी समदी हसत्यात. म्हनत्यात, बाकीच्या पोरी भांडी घिऊन येत्यात, ही नारू घिऊन आली."

दाऊद यादी लिहीत होता. त्याचा हात थांबला. "कोपरगावाकडे तर कॅनॉलचं पाणी. तिथे नारू कुठला?"

"तितं कुनालाच न्हाई."

"आणि तुम्हाला झाला?" त्याने सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवून नाही म्हटलं.

"तिला कसा हुईल?" राहीबाई म्हणाली. "मला झाला, माझ्या ल्योकाला झाला, शेजारी झाला. पर नवी सून पयल्या वर्सी न्हाई पडत. तिच्या अंगात माहेरचं पानी असतंय. दुसऱ्या वर्सी मातूर आमच्यावानीच."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, मावशी?"

"कोन सांगंल? मी सून हुऊन आले तवाबी आसंच. माझी सासू म्हनायची, औंदा राबून घे, फुडल्या पेरनीला तू बी बशीलच." मग तिने रहाटाच्या दिशेने मान वळवली, जिथून बोर्डाचे गडी जादाची साखळी काढून बैलगाडीत टाकत होते. "तुमी हीर बांधली फाल्गुनात. आन् जेष्टात पाटलाकडनं इच्चारलं, नारू का गेला न्हाई. आसा लगी कसा जाईल, बाबा?"

दाऊदने यादी पुरी केली. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ बैलगाडीच्या मागे पायी चालत राहिला. मच्छिंद्रने दोनदा हाक मारली तेव्हा म्हणाला, "छबूबाई माझ्या तक्त्यात नाही."

"नसणारच. ती आता कोपरगावची."

"पण तिचा नारू करंजखडीचा आहे, मच्छिंद्र. बेचाळीसच्या उन्हाळ्याचा. जे दोनशे एकोणीस मी नव्या विहिरींच्या नावावर लिहिले, ते जुन्या विहिरींचे आहेत. आम्ही विहीर बांधली त्याच्या आधीच ते माणसांच्या अंगात होते."

नगरला आल्यावर तो एका वृद्ध निवृत्त डॉक्टरांकडे गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पाणी पोटात गेल्यापासून किडा बाहेर यायला साधारण वर्ष लागतं. पुस्तकात कधीचं लिहिलेलं आहे. तुमच्या बोर्डाकडून कोणी विचारायलाच आलं नाही. शिवाय जाड कापडातून गाळून प्यायलं तरी भागतं." दाऊदने वहीत 'एक वर्ष' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. कापडाचं लिहून घ्यायचं राहिलं.

एका म्हातारीचं बोलणं आणि एका डॉक्टरांचं पुस्तक एवढ्यावर बोर्ड ठराव फिरवणार नाही, हे त्याला कळत होतं. आपलाच तक्ता खोडायचा तर दुसरा तक्ता हवा होता. पण कोणाला विचारायचं? गेल्याच्या गेल्या वर्षी पाणी कुठलं प्यालात, हे कुणाला आठवणार? त्याला राहीबाईचा मांडव आठवला. लग्न कधी झालं हे कोणतीही बाई विसरत नाही.

थंडीचे दिवस हे लस टोचण्याचे दिवस. देवी डॉक्टर तसेही घरोघर जायचेच. दाऊदने मच्छिंद्रला आणि आणखी चौघांना ऑफिसच्या मागच्या व्हरांड्यात बसवलं आणि चार प्रश्न पाठ करून घेतले. तीन वर्षांत घरात सून आली का, कुठून आणि कोणत्या महिन्यात? घरातून लेक गेली का, कुठे आणि कधी? पहिल्या उन्हाळ्यात नारू झाला का? दुसऱ्या उन्हाळ्यात? तीस गावं वाटून दिली. हे काम कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं. बोर्डाचं ठरलेलं काम आटोपून उरल्या वेळात तो आलेली पानं लावत बसायचा.

एका देवी डॉक्टरची पानं फारच लवकर आली. दाऊदला ती स्वच्छ वाटली. मच्छिंद्रने मात्र एक पान हातात घेतलं आणि तो हसायला लागला.

"दाऊदभाई, या गावात तीन लग्नं पौषात झालीत. पौषात आमच्यात कोण लग्न लावतं? लिंबाखाली बसून भरलंय हे."

ती पानं बाद केली. त्या गावांना मच्छिंद्र स्वतः पुन्हा गेला.

माघ संपता संपता आकडे जमले; लग्नाला दोन उन्हाळे झालेल्याच बायका धरल्या. नारू नसलेल्या कालव्याकाठच्या, नदीकाठच्या गावांमधून नारूच्या गावांत एकशे चौऱ्याऐंशी सुना आल्या होत्या. पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्यापैकी दोघींना नारू झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात एकसष्ट जणींना. उलट, नारूच्या गावांमधून कोपरगाव-संगमनेरकडे दिलेल्या लेकी सत्त्याण्णव. त्यांच्यापैकी चौतीस जणींना सासरच्या पहिल्याच उन्हाळ्यात झाला, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात फक्त एकीला.

दाऊदने बेरजा तीनदा तपासल्या. मग कागद घरी नेऊन शमशादला वाचून दाखवला. श्रावणात ज्या तक्त्याने त्याचं नाव झालं होतं, तो आपल्याच हाताने खोडून अध्यक्षांपुढे ठेवायचा होता.

शमशादने विचारलं, "गप्प राहिलात तर कुणाला कळेल?"

"यंदाच्या उन्हाळ्यात नऊ गावांत रोगी कमी होतील तेव्हा आपोआप कळेल."

"मग थांबा की तोवर."

"तोवर मोहदऱ्याची माणसं पायऱ्या उतरून पाणी पितील. आणखी वीस गावांची पितील. मला थांबता येईल. त्यांना येणार नाही."

सभेच्या दिवशी शमशादने त्याची शेरवानी उन्हात टाकून ठेवली होती.

सभेत त्याने आधी जुना तक्ता वाचला आणि म्हणाला, "हा मी केला होता. हा चुकला आहे." मग नवा वाचला. खोलीत चुळबुळ झाली. एक सभासद मोठ्याने म्हणाले, "श्रावणात एक आणि माघात दुसरं. उद्या तिसरं आणाल. लेकीसुनांच्या गप्पांवर बोर्ड चालवायचं का आता?"

काकासाहेबांनी हात वर केला. "तांबोळी, तुमचे आधीचे आकडे खोटे होते का?"

"नाही साहेब. दोनशे एकोणीस रोगी खरेच होते. मी ते चुकीच्या वर्षाला जोडले. हा रोग वर्षभर मागून चालतो. मी गावात जाऊन विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी पाटलांकडून आलेले कागद लावले, आणि तेवढ्यावर लिहून दिलं."

"आणि आता जे सांगता ते बरोबर कशावरून?"

"यंदा नऊ गावांत पन्नासच्या आत रोगी निघतील. विहिरीचं पाणी वर्षभर स्वच्छ आहे. उरतील ते शेतावर, परगावी पाणी प्यालेले. पन्नासच्या वर गेले तर हाही तक्ता चुकला असं मीच लिहून आणेन."

काकासाहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "मी तुमची तारीफ केली होती, ती घाईने केली," ते म्हणाले. "बोर्डाने ठरावही घाईने केला. काम पुन्हा सुरू करा."

पण थांबवलेलं काम काही हुकमासरशी उभं राहत नाही. सिमेंटवर कंट्रोल होता, म्हणून चुन्यात बांधायचं ठरलं. चुना मळायच्या घाणीला बैल मिळेनात. गवंडी दुसरीकडे कामाला गेले होते. पाडव्यापर्यंत चार विहिरी झाल्या. मोहदऱ्याला गवंडी पोचला तोवर चैत्र निम्मा सरला होता, पाणी तळाला गेलं होतं आणि गावाने पायऱ्या बुजवू दिल्या नाहीत. पाणी अडलं तर प्यायचं काय? तिथली विहीर पावसाळ्यानंतरच झाली.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात नऊ गावांची मोजणी झाली. यंदा ती दाऊदने स्वतः गावात राहून केली. एकतीस रोगी. सभेत काकासाहेबांनी आकडा दोनदा वाचायला लावला. त्यानंतर बोर्डाने दाऊदला शाळांची हजेरी, दवाखान्यांच्या नोंदी, जनावरांचे रोग, सगळेच तक्ते बघायला दिले. त्याच्या हाताखाली तीन कारकून आले. त्यांना त्याचा एकच नियम होता. ज्या गावाचा आकडा संशयाचा वाटेल तिथे दोन दिवस राहून यायचं, मगच तो तक्त्यात लिहायचा. कारकून कुरकुर करायचे, पण जायचे. असाच एक कारकून शाळेतली गळती बघायला गेला, आणि पोरं ऊस तोडायला नव्हे, दुपारी पाणी आणायला जातात, म्हणून दुपारची शाळा सकाळी भरवली तर टिकतील, असं लिहून घेऊन आला. बोर्डाने दोन शाळांमध्ये ते करून पाहिलं आणि ते जमलं.

दाऊदचं नाव पुन्हा झालं. पण एक आकडा त्याच्या डोक्यात होता, तो त्याने कुठेच लिहिला नव्हता. मोहदऱ्याने चव्वेचाळीसचा उन्हाळा जुन्याच पाण्यावर काढला होता. म्हणजे पंचेचाळीसच्या ज्येष्ठात तिथे नारू येणार होता. किती, तेही त्याला सांगता आलं असतं. पंचवीस ते तीस.

ज्येष्ठ लागला तसा तो मच्छिंद्रला घेऊन मोहदऱ्याला गेला. नवीन रहाट चांगला चालत होता. घरोघर फिरून मोजलं, सव्वीस निघाले. शेवटचं घर पुंजारामचं. चाळिशीचा धट्टाकट्टा शेतकरी, विहिरीसाठी आपल्या रानातला दगड त्यानेच दिला होता. गोठ्यापुढच्या बाजेवर पाय लांब करून तो पडला होता. घोट्यापाशी काडीला दोरा गुंडाळलेला. रानात त्याची बायको शेजाऱ्याच्या मदतीने पेरणीआधीचा कुळव धरत होती.

दाऊद बाजेच्या कडेला बसला. सव्विसावं नाव लिहिलं. मग वही मिटून म्हणाला, "पुंजाराम, तुमच्या विहिरीचं काम त्रेचाळीस साली थांबलं, ते माझ्या तक्त्यामुळे. तेव्हा झालं असतं तर आज तुम्ही रानात असता."

पुंजाराम त्याच्याकडे वळला. "आन् हे आसं हुनार, ते कवा कळलं तुमाला?"

"गेल्या वर्षी."

"म्हंजी आमी पानी पीत हुतो तवाच?"

"हो. नावं माहीत नव्हती. आकडा माहीत होता."

पुंजाराम हळूच उठून बसला. आवाज चढवला नाही त्याने. "साहेब, हीर न्हवती झाली, ती न्हाई झाली. चुना न्हवता, गवंडी न्हवता, समदं मान्य. पर तुमी बोर्डाला सांगितलं तसं आमाला का न्हाई सांगितलं? काही तरी केलं आसतं की. उकळून प्यालो आसतो, फडक्यानं गाळून प्यालो आसतो."

फडकं हा शब्द ऐकताच दाऊदला नगरच्या वृद्ध डॉक्टरांचं बोलणं आठवलं. त्यांनी सांगितलं होतं. शेवटचं वाक्य होतं ते, आणि त्याने वहीत फक्त 'एक वर्ष' लिहिलं होतं. त्याला तेव्हा फक्त नवा तक्ता खरा करून दाखवायचा होता. दीड वर्ष तो बोर्डाला आकडे सांगत होता, आणि ज्यांच्या पोटात ते पाणी जात होतं त्यांच्याशी फक्त मोजण्यापुरता बोलत होता.

"चुकलं," तो म्हणाला. "फडक्याने गाळून भागलं असतं. मला सांगितलेलं होतं."

पुंजारामने काडी बोटाने चाचपली, दोरा ताणला नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा आडवा झाला.

"माझी बहीन दिली हाय पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. तिच्या गावची हीर आजून उगडीच हाय. पाऊस पडाया आठ-धा दिस हायेत. हितं बसून काय करता? तितं जा."

ते लगेच निघाले. उघड्या पायऱ्यांची अशी चौदा गावं अजून उरली होती. तिघे देवी डॉक्टर तिथून जवळच मुक्कामाला होते, मच्छिंद्रने त्यांना निरोप धाडले. आठ दिवसांत त्या पाच जणांनी चौदाही गावं केली. दर गावात विहिरीवर उभं राहून त्यांनी फडकं दाखवलं. काही ठिकाणी लोक हसले. एका गावात, आमचं पाणी बाटवता का, म्हणून पाटलाने हाकलूनही दिलं. पुढच्या ज्येष्ठात मोजलं तेव्हा सात गावांत रोगी निम्म्याहून कमी झाले होते, चार गावांत थोडे कमी, तीन गावांत काहीच फरक नव्हता. त्यांत हाकलून देणाऱ्या पाटलाचं गावही होतं.

पण हे पुढचं झालं. त्या दिवशी दुपारी पुंजारामची बहीण, आक्काबाई, विहिरीच्या खालच्या पायरीवर घागर घेऊन उभी होती, आणि दाऊद वरून तिला ओरडून सांगत होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग वर आली, घागर खाली ठेवली.

"आन् ह्ये खरं का खोटं, कवा कळंल?"

"पुढच्या ज्येष्ठात, आक्का. एक वर्ष लागेल."

"लई लांब हाय की ते."

"लांब आहे."

ती घागर उचलून घराकडे निघाली, दाऊदही मागोमाग गेला. तिने आतून जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा आणला, तो दुहेरी केला, ओसरीवरच्या रांजणाच्या तोंडावर टाकला, आणि दाऊदकडे बघून म्हणाली, "धरा की दोन कोपरं. येकटीला वतता येत न्हाई."

दाऊदने वही खांद्याच्या पिशवीत टाकली आणि कोपरे धरले.